लहान हिश्श्याचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात कामशेतला जुम्याची नमाज अदा करून आम्ही चार मंडळी वडिवळे धरणाकडे निघालो. सोबत नात्यातला एक तरुण होता. तो बहरीनमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या भट्ट्यांवर काम करतो आणि दोन वर्षांनी रजेवर घरी आला होता. कुंडली नदीचे पाणी काठोकाठ आले होते. समोरच्या डोंगरांवर ढग उतरले होते, आणि खालच्या खाचरांतील इंद्रायणी भात पाण्यात उभा होता. जुम्याच्या खुतब्यात इमामसाहेबांनी सृष्टी ही मानवाकडे सोपवलेली अमानत असल्याचे सांगितले होते. तोच धागा धरून आमच्यापैकी एकाने अलीकडच्या लहरी पावसाचा विषय काढला. तेव्हा तो तरुण म्हणाला, "मामू, इमामसाहेब म्हणाले ते खरेच आहे. पण बहरीन म्हणजे केवढासा देश! साऱ्या जगाच्या धुरात त्याचा वाटा हजारात एक. उद्या तिथल्या सगळ्या भट्ट्या विझवल्या, तरी या ढगांना त्याचा पत्ता लागणार आहे का?"

मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. खरे सांगायचे तर त्याचे म्हणणे मला काहीसे पटलेही. घरी आल्यावर मात्र जाणवले, की हा प्रश्न बहरीनपुरता नाही. आपण सगळेच तो दररोज स्वतःला विचारतो आणि आपल्या सोयीचे उत्तर देऊन मोकळे होतो. माझ्या एकट्याने काय होणार? एका मताने, एका खोट्या पावतीने, नळाखाली वाया गेलेल्या एका बादलीने असा कोणता फरक पडतो? लहान हिश्श्याची जबाबदारीही लहानच असते का, आणि हिस्सा पुरेसा लहान झाला की ती शून्य होते का, हा मूळचा नैतिक प्रश्न आहे. वायूचे उत्सर्जन हे त्याचे आजचे उदाहरण.

आधी त्या तरुणाचा हिशेब तपासू, कारण आकडे चुकीचे असतील तर पुढची चर्चा व्यर्थ. बहरीनचे क्षेत्रफळ आपल्या पुणे जिल्ह्याच्या विसाव्या हिश्श्याएवढे आहे. एके काळी तिथले लोक समुद्रतळातून मोती काढून जगत. १९३२ साली तिथे तेल सापडले, आखाताच्या अरब किनाऱ्यावरचे ते पहिले. १९७१ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी तिथे अ‍ॅल्युमिनियमचे उत्पादन सुरू झाले. आज तो कारखाना वर्षाला पंधरा लाख टनांहून अधिक धातू काढतो आणि एकाच ठिकाणी उभ्या असलेल्या जगातील सर्वांत मोठ्या कारखान्यांत त्याची गणना होते.

हा धातू सहजासहजी हाती येत नाही. अ‍ॅल्युमिनाच्या पांढऱ्या भुकटीत अ‍ॅल्युमिनियम आणि प्राणवायू घट्ट जखडलेले असतात. त्यांना वेगळे करण्यासाठी वितळलेल्या क्षारांच्या कुंडात ही भुकटी विरघळवून प्रचंड विद्युतप्रवाह सोडावा लागतो. एक टन धातूमागे सुमारे चौदा हजार युनिट वीज जाते. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या आपल्याकडच्या घराला एवढी वीज अकरा वर्षांहून अधिक काळ पुरेल. बहरीनमध्ये ही वीज नैसर्गिक वायू जाळून तयार होते. शिवाय कुंडात बुडवलेले कार्बनचे ठोकळे मोकळ्या झालेल्या प्राणवायूशी संयोग पावून झिजत जातात, आणि त्यातून टनामागे सुमारे दीड टन कार्बन डाय ऑक्साइड थेट हवेत मिसळतो. यात वीजनिर्मिती, समुद्राचे पाणी गोडे करणारे प्रकल्प, तेलशुद्धीकरण आणि दिवसरात्र चालणारी वातानुकूलन यंत्रे मिळवली, की त्या चिमुकल्या देशाच्या उत्सर्जनाचे चित्र पूर्ण होते. १९९० पासून आजवर ते दुपटीहून अधिक वाढले आहे. तरीही जगाच्या एकूण आकड्यात त्याचा वाटा एक दशांश टक्क्याच्या आसपासच राहतो. म्हणजे आमच्या तरुणाचा भागाकार बरोबर होता. जगात वर्षाला जीवाश्म इंधने आणि उद्योग यांतून सुमारे ३७ अब्ज टन कार्बन डाय ऑक्साइड बाहेर पडतो, आणि त्यातले बहरीनचे खरोखर हजारात एक.

आता एक हदीस आठवू. हजरत सहल बिन सअद (रजि.) यांच्याकडून आलेली ही हदीस मुसनद अहमदमध्ये आहे. क्षुल्लक मानल्या जाणाऱ्या पापांपासून सावध राहण्याचा इशारा देताना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एक दृष्टांत दिला. एक तांडा दरीत उतरला. एकाने एक काडी आणली, दुसऱ्याने दुसरी, असे करता करता एवढे सरपण जमले की सर्वांच्या भाकरी भाजून झाल्या. दृष्टांताचा रोख असा, की लहान समजून ज्यांच्याकडे दुर्लक्ष केले, त्याच पापांचा जाब विचारला गेला तर माणसाचा नाश अटळ आहे. आग, धूर, दरी आणि प्रत्येकाच्या हातातली एकच काडी: आपल्या प्रश्नाला इतका चपखल बसणारा दृष्टांत शोधूनही सापडला नसता. या तांड्यातील कोणीही जंगल तोडून आणलेले नाही. कोणाकडेही बोट दाखवून 'आग याने लावली' असे म्हणता येणार नाही. तरीही आग पेटली आहे.

काड्यांचा हा हिशेब आजही मांडता येतो. चीन, अमेरिका, भारत, रशिया, जपान अशी मोजकी राष्ट्रे सोडली, तर उरलेल्या बहुतेक देशांचा वाटा प्रत्येकी दोन टक्क्यांहून कमी आहे. यांतल्या प्रत्येकाला 'आम्ही लहान' असे म्हणता येते, आणि ते म्हणतातही. पण या सर्वांची बेरीज केली तर ती जगाच्या सुमारे एक तृतीयांश भरते. आणखी एक गोष्ट आहे. 'लहान' हा शब्द कोठून येतो? तो सीमारेषेतून येतो. चीनचे प्रांत सुटे मोजले तर त्यांतले अनेक एकदम लहान होतील. भारताचे जिल्हे सुटे मोजले तर आपण सगळेच निर्दोष ठरू. हवेला या सीमा ठाऊक नाहीत. नकाशावर रेघ ओढून ज्याचा आकार वाढवता किंवा घटवता येतो, असे निमित्त अल्लाहच्या दरबारात कसे टिकेल? म्हणूनच सूरह अल-ज़िलज़ालच्या शेवटच्या दोन आयतींत भल्याबुऱ्या कर्माचे माप सांगताना तुलनेला कणच घेतला आहे. त्या मापात 'एकूणाच्या किती टक्के' या हिशेबाला जागाच ठेवलेली नाही.

येथे विचारी वाचक एक आक्षेप घेईल, आणि तो वजनदार आहे. माझी काडी नसती तरी भाकरी भाजल्या गेल्याच असत्या. मग माझ्या काडीने जे घडवले ते नेमके काय? माझ्या असण्यानसण्याने परिणामात फरकच पडत नसेल तर दोष कशाचा? आधुनिक नीतिशास्त्रात या आक्षेपावर पुष्कळ चर्चा झाली आहे. मला वाटते, इस्लामी शिकवणीत त्याला उत्तर दोन बाजूंनी मिळते.

पहिली बाजू अशी, की कर्माचा हिशेब कर्त्याच्या नावे ठेवला जातो, परिणामाच्या फरकावर नाही. कोणीही दुसऱ्याचे ओझे उचलणार नाही, हे तत्त्व कुरआनमध्ये वारंवार आले आहे (सूरह अल-अनआम, आयत १६४). याचा एक अर्थ दिलासा देणारा आहे: अमेरिकेच्या किंवा चीनच्या धुराचा जाब मनामाला द्यावा लागणार नाही. पण त्याचाच दुसरा अर्थ असा, की मनामाच्या धुराचा जाब कोणाच्या आड लपून टाळता येणार नाही. दुसरी बाजू हजरत अनस (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये आहे. कयामत येऊन ठेपली आणि हातात रोप असेल, तर ते लावता येत असल्यास लावून टाकावे, अशी ती शिकवण. या रोपाचे फळ कोणी खाणार नाही, त्याच्या सावलीत कोणी बसणार नाही. परिणाम पूर्ण शून्य. तरीही ते लावायचे आहे. परिणाम शून्य असताना सत्कर्माची जबाबदारी संपत नसेल, तर परिणाम अगदी थोडा असताना दुष्कर्माची जबाबदारी संपते, हे म्हणणे कसे मान्य करावे?

तरीही सर्व काड्या सारख्या नाहीत, हे सांगणे न्यायाचे होईल. इमाम ग़ज़ाली आणि पुढे इमाम शातिबी यांनी मानवी हिताच्या तीन पायऱ्या सांगितल्या: ज्यावाचून जीवनच टिकत नाही त्या गोष्टी, ज्यांवाचून जगणे कष्टाचे होते त्या, आणि ज्या केवळ शोभा व सुख वाढवतात त्या. मेळघाटातल्या आईच्या चुलीचा धूर पहिल्या पायरीवरचा आहे. वाळवंटातल्या उन्हाळ्यात मजुरांच्या निवाऱ्यात लावलेला पंखा किंवा थंड हवेचे यंत्र मी दुसऱ्या पायरीवर ठेवीन, आणि काही महिन्यांत पहिल्या. रिकाम्या दिवाणखान्यात रात्रभर चालणारे यंत्र कोणत्या पायरीवर बसते, हे सांगायला फकीह लागत नाही. तोल, काडी आणि भूक यांचा असा विचार न करता 'उत्सर्जन वाईट' एवढेच म्हणत राहणे म्हणजे गरिबाला आणि चैनबाजाला एकाच फटक्याने झोडणे होय.

आता वळू मापाकडे. मला स्वतःला या साऱ्या प्रश्नातला सर्वांत बोचरा भाग हाच वाटतो. सूरह अल-मुतफ्फिफीनच्या आरंभीच्या आयतींत मापात खोट करणाऱ्यांचा कडक शब्दांत निषेध आहे. त्यांचे लक्षण असे सांगितले आहे, की लोकांकडून घेताना ते पुरेपूर माप घेतात आणि देण्याची वेळ आली की तराजू हलका धरतात. म्हणजे त्यांच्याजवळ दोन मापे आहेत. आपण लहानपणापासून हे दुकानदाराला उद्देशून समजत आलो. पण राष्ट्रांच्या तराजूकडे पाहा.

बहरीनसारखा देश म्हणतो, एकूण उत्सर्जन पाहा. आम्ही हजारात एक. दरडोई आकडा मात्र तो पुढे करत नाही, कारण माणशी हिशेब केला तर तिथले उत्सर्जन जगातल्या सर्वाधिक देशांच्या पंक्तीत बसते आणि भारताच्या दहापटीहून अधिक भरते. भारत म्हणतो, दरडोई पाहा. आम्ही माणशी दोन टनांच्या आसपास, जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. एकूण आकड्यात आपण जगात तिसरे आहोत, याचा उल्लेख ओझरता होतो. युरोपातले देश म्हणतात, आमच्या भूमीवरून निघणारा धूर पाहा. तो सतत घटतो आहे. त्यांच्या इमारतींत आणि मोटारींत बसलेले अ‍ॅल्युमिनियम ज्या देशांत तयार झाले, तिथल्या वहीत तो धूर लिहिला गेला, हे ते सांगत नाहीत. ज्यांनी दोनशे वर्षे कोळसा जाळला ते आजचा वार्षिक आकडा मागतात. ज्यांनी काल सुरुवात केली ते इतिहासाचा आकडा मागतात. प्रत्येकाचे माप खरे आहे. खोट आहे ती निवडीत.

१ ऑक्टोबर २०२३ पासून युरोपीय संघाने बाहेरून येणारे अ‍ॅल्युमिनियम, पोलाद, सिमेंट, खते इत्यादींमागच्या कार्बनची नोंद मागायला सुरुवात केली, आणि २०२६ पासून त्यावर आकारणीची व्यवस्था लागू केली. यामागे एक रास्त विचार आहे: माल घेणाऱ्यानेही मालामागचा धूर मोजावा. पण आकारणीचा पैसा जर युरोपच्याच तिजोरीत राहणार असेल, तर घेताना पूर्ण आणि देताना अपुरे हे जुने लक्षण पुन्हा डोके वर काढते. त्यावर वाद चालू आहे आणि चालू राहणेच योग्य.

बहरीनच्या दरडोई आकड्यात एक गोष्ट मला विशेष विचार करायला लावणारी वाटली. एकूण उत्सर्जन दुपटीहून अधिक झाले, तरी माणशी आकडा फारसा वाढलेला नाही. कारण १९९० च्या सुमारास पाच लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या आता पंधरा लाखांच्या घरात आहे, आणि तिच्यातील निम्म्याहून अधिक माणसे परदेशी आहेत. यांत केरळची आहेत, बांगलादेशची आहेत, रत्नागिरी-रायगडची आणि आपल्या मावळचीही आहेत. एका खोलीत सहा-आठ जण राहून घरी पैसे पाठवणारा हा मजूर भागाकारात छेद म्हणून उपयोगी पडतो. त्याच्या साध्या राहणीमुळे श्रीमंत घरांची सरासरी सभ्य दिसते. आमच्या तरुणाला हे सांगितले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "म्हणजे मी तिथे धूरही काढतो आणि तो झाकतोही!"

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट मात्र ही नव्हे, कारण आपल्या घरीही हेच चालते. भारताचे 'माणशी दोन टन' हे गोंदिया-गडचिरोलीच्या झोपडीमुळे साधले जाते, पुण्याच्या बंगल्यामुळे नव्हे. आपण सुस्थितीतले लोक गरिबाच्या सरासरीआड उभे राहून जगाला न्याय मागतो. मागावाच; पण आडोसा कोणाचा घेतला आहे ते विसरू नये. आणि येथे एक नाजूक गोष्ट बोलतो, वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. हज आयुष्यात एकदा फर्ज आहे, आणि ज्याला सामर्थ्य आहे त्याने तो करावाच. पण सांपत्तिक स्थिती सुधारली की दरवर्षी उमऱ्याला जाण्याची, आणि परतीच्या वाटेवर दोन-तीन शहरांची सहल जोडण्याची जी नवी पद्धत आपल्या कुटुंबांत रुळते आहे, तिच्याकडे एकदा या नजरेने पाहावे. मुंबई-जेद्दा जाण्यायेण्यात एका प्रवाशामागे अर्धा ते एक टन कार्बन डाय ऑक्साइड हवेत जातो. म्हणजे भारतीय माणसाच्या वर्षभराच्या सरासरीचा चौथा हिस्सा ते निम्मा. उमऱ्याचे पुण्य आणि सहलीचा धूर एकाच खात्यात जमा करता येणार नाहीत.

वडिवळ्याच्या काठावर उभे राहिले की या मापांच्या घोळाचा आणखी एक पदर दिसतो. येथे ना भट्टी आहे ना धुराडे. हवा इतकी स्वच्छ, की कोणी म्हणेल मावळचा या साऱ्याशी काय संबंध? परंतु तळेगाव-चाकणचे कारखाने येथून फार दूर नाहीत. त्यांच्या यंत्रांना लागणारी वीज राज्याच्या ज्या जाळ्यातून येते, त्यातली बहुतांश कोळशाची आहे. एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. मोटार चाकणला तयार होते, रोजगार मावळच्या पोराला मिळतो, राख आणि उकाडा चंद्रपूरकराच्या वाट्याला येतो. चंद्रपूर हे एका अर्थाने आपले बहरीन आहे.

उलट उदाहरणही याच डोंगरांत आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या धुराने शहर काळवंडून टाकत होत्या. तेव्हा जमशेटजी टाटांच्या कल्पनेतून लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथे पाणी अडवले गेले. ते घाटाखाली सतराशे फुटांहून अधिक खोल सोडून १९१५ मध्ये खोपोलीचे वीजगृह सुरू झाले. आजच्या भाषेत ही 'स्वच्छ ऊर्जा'. त्या काळी हवामानबदलाचा विचार कोणाच्या मनात नव्हता, पण मुंबईचा धूर खरोखर कमी झाला. मात्र पुढे याच मालिकेत मुळशीचे धरण आले, आणि बुडणाऱ्या गावांतील मावळ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ असा सत्याग्रह केला. धरणांविरुद्धच्या जगातील अगदी आरंभीच्या लढ्यांपैकी तो एक मानला जातो. मुंबईची हवा निवळली, तिची किंमत मुळशीच्या शेतकऱ्याने भातखाचरे देऊन चुकवली. म्हणून 'धूर नाही' एवढ्यावर तराजू समतोल झाला असे मानता येत नाही. सूरह अर-रहमानमध्ये आकाशाच्या उंचीबरोबर मीजानचा, म्हणजे तुलेचा उल्लेख आहे आणि तिच्यात अतिक्रमण न करण्याची ताकीद आहे. त्या तुलेच्या एका पारड्यात हवा असेल, तर दुसऱ्यात माणूस असतो.

याच अंगाने एक सुपरिचित हदीस पुन्हा वाचावीशी वाटते. सहीह बुखारीत हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्याकडून आलेला जहाजाचा दृष्टांत आपण अनेकदा ऐकतो. चिठ्ठ्या टाकून काहींना वरचा मजला मिळाला, काहींना खालचा. खालच्यांना पाण्यासाठी वर जावे लागे. त्यांनी विचार केला, वरच्यांना त्रास देण्यापेक्षा आपल्या हिश्श्यात एक भोक पाडावे. वरच्यांनी त्यांचा हात धरला तर सारे वाचतील, न धरला तर सारे बुडतील. व्याख्यानांत भर नेहमी हात धरण्यावर असतो. पण खालच्यांचा हेतू वाईट नव्हता. ते तहानलेले होते, आणि 'आपल्या हिश्श्यात' काय करायचे हा आपला अधिकार आहे असे त्यांना वाटत होते. हदीसच्या शब्दांत हे नाही, पण माझ्या अल्प समजुतीप्रमाणे जो हात धरतो त्याच्यावर पाणी देण्याचीही जबाबदारी येते. आजच्या जहाजात तर घोटाळा असा, की वरच्या मजल्यावरच्यांनी आधीच पुष्कळ भोके पाडून ठेवली आहेत, आणि आता ते खालच्यांचा हात धरू पाहताहेत. आणि मालदीव? साऱ्या जगाच्या उत्सर्जनात ज्याचा वाटा एक टक्क्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी, असे हे मुस्लिम बेटराष्ट्र जहाजाच्या तळाशी बसले आहे. १७ ऑक्टोबर २००९ रोजी तिथल्या मंत्रिमंडळाने पाणबुड्यांचा पोशाख घालून समुद्राखाली बैठक घेतली, तेव्हा अनेकांनी तिला तमाशा म्हटले. ज्यांच्या घराचे अंगण समुद्रापासून एक-दीड मीटर उंचीवर आहे, त्यांनी याहून वेगळे काय करावे, हे टीका करणाऱ्यांनी सांगितले नाही. बहरीनचा किनाराही सखलच आहे.

अज्ञानाची सबब एके काळी खरी होती. १९१५ मध्ये किंवा १९७१ मध्येही सामान्य माणसाला हे ठाऊक नव्हते, आणि अजाणतेपणी घडलेल्या गोष्टीकडे शरिअत वेगळ्या दृष्टीने पाहते. पण संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीचा पहिला अहवाल १९९० मध्ये आला, रिओची परिषद १९९२ मध्ये झाली. इस्तंबूलमध्ये ऑगस्ट २०१५ मध्ये अनेक देशांतील मुस्लिम विद्वानांनी हवामानबदलाविषयी इस्लामी घोषणापत्र काढले आणि त्यात तेलसंपन्न देशांना नाव घेऊन आवाहन केले. बहरीनने स्वतः २०२१ मध्ये २०६० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे जाहीर केले. ज्याने अशी तारीख जाहीर केली, त्याने जबाबदारी मान्य केली. हजारात एक असणे ही सबब त्या दिवशी त्याने स्वतःच सोडली.

राहिला तो तरुण. त्याची कमाई अवैध आहे का, असा प्रश्न त्याने मला विचारला नव्हता, पण तो त्याच्या मनात असावा. मी मुफ्ती नाही. मला एवढेच वाटते, की हा धातू उपयोगी आहे. विजेच्या तारांत, हलक्या वाहनांत, स्वयंपाकाच्या भांड्यांत तो लागतो. त्याच्या वेतनावर दोन घरे उभी आहेत. कारखान्याने वीज कशी तयार करावी हा निर्णय त्याच्या हाती नाही. ज्यांच्या हाती आहे त्यांच्यावर, आणि समाजावर फर्ज-ए-किफाया म्हणून, ते ओझे आहे: काहींनी उचलले तर सर्व सुटतील, कोणीच न उचलले तर सर्व दोषी.

पण त्याच्या हाती काहीच नाही, असेही नाही. ही माहिती मला त्याच्याकडूनच मिळाली. कुंडातील अ‍ॅल्युमिना वेळेवर न पडल्याने प्रमाणाबाहेर कमी झाला, तर कुंडाचा दाब अचानक चढतो आणि त्या काही मिनिटांत एक वेगळाच वायू निघतो. त्याची उष्णता अडवण्याची शक्ती कार्बन डाय ऑक्साइडच्या हजारो पट आहे, आणि तो हवेत हजारो वर्षे टिकतो. पाळीवरचा माणूस सावध असेल तर हे टळते किंवा लवकर आवरते. वरिष्ठ यासाठी टोकतात ते धातू आणि वीज वाया जाते म्हणून. सूरह यासीनच्या बाराव्या आयतीत सांगितले आहे, की माणसांनी पुढे काय पाठवले याबरोबर मागे काय ठेवले याचीही नोंद होते. आपण ती आयत बहुधा सदका-ए-जारियाच्या संदर्भात सांगतो: विहीर, झाड, मदरसा. एका निष्काळजी पाळीतला वायू त्या कामगाराच्या नातवंडांच्याही नातवंडांनंतर हवेत असेल. मागे ठेवणे म्हणजे हेही. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मामू, रात्रपाळीला डोळा लागतो तेव्हा हे आठवेल."

रजा संपायच्या आधी त्याच्या घरी एक चर्चा चालली होती. खालचे घर पुरेसे असताना वर आणखी एक मजला चढवायचा बेत होता, लोक काय म्हणतील म्हणून. वडील म्हणत, आता सिमेंट स्वस्त मिळते आहे, उरकून टाकू. सिमेंटचे गणित मी त्यांच्यासमोर मांडले. चुनखडी भाजताना तिच्यातलाच कार्बन डाय ऑक्साइड सुटतो, भट्टीच्या इंधनाचा वेगळा, आणि पन्नास किलोच्या एका गोणीमागे जवळपास तीस किलो हवेत जातो. एका साध्या मजल्याला दोनशेच्या वर गोण्या लागतात, म्हणजे सहा टन झाले. वडिलांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की मी विषय बदलला. तरुणाची आई मात्र स्वयंपाकघरातून म्हणाली, वर राहणार तरी कोण आहे?

परवा बहरीनहून त्याचा फोन आला. मजल्याचे काम या वर्षी थांबवले आहे, एवढे त्याने सांगितले. धुरामुळे थांबवले की पैसे कमी पडले म्हणून, हे मी विचारले नाही.